शेजाऱ्याचाही हिशेब धरा

उंच माणसामागे उभे राहून मिरवणूक पाहिली आहे ना? काही दिसले नाही म्हणून तुमचे डोळे अधू ठरत नाहीत. पिकांच्या वाणांवर मात्र असा अन्याय होतो.

नव्या वाणाचे बियाणे सुरुवातीला थोडेच असते. म्हणून प्रत्येक वाणाच्या एक-दोन ओळी शेजारी शेजारी पेरून उत्पन्न मोजतात. बुटक्या वाणावर शेजारच्या उंच वाणाची सावली पडते. त्याची मुळे पाणी आणि नत्रही पळवतात. बुटक्याचे उत्पन्न घटते, उंचाचे फुगते. निवड अर्थात उंचाची! पुढे शेतकरी तोच वाण सबंध शेतात पेरतो. आता शेजारी सगळे त्याच्याच जातीचे. लुबाडायचे कोणाला?

ही नुसती शंका नव्हे. कॅलिफोर्नियात सुनेसन यांनी सातूचे चार वाण मिसळून १६ वर्षे पेरले. एकटा पेरल्यावर भरघोस पिकणारा 'व्हॉन' मिश्रणातून जवळजवळ नाहीसा झाला, असे त्यांनी १९४९ मध्ये लिहिले. बळी तो कान पिळी!

चिठ्ठ्या टाकून वाफे वाटावेत, म्हणजे पक्षपात होत नाही, हे फिशर यांनी शिकवले. पण चिठ्ठ्या इथे पुऱ्या पडत नाहीत. सर्वांत बुटक्या वाणाला चिठ्ठीत कोणताही शेजारी येवो, तो त्याच्याहून उंचच असणार.

मोठे वाफे करून कडेच्या ओळी मोजणीतून वगळणे हा उत्तम उपाय. पण तेवढे बियाणे हवे ना! दुसरा उपाय गणिताचा. एकच वाण अनेक ठिकाणी वेगवेगळ्या शेजाऱ्यांजवळ येतो. त्या आकड्यांवरून स्पर्धेचा गुणांक काढता येतो. इंग्लंडमधील केम्प्टन यांनी १९८२ मध्ये अशी रीत मांडली. समजा, शेजाऱ्यांचे सरासरी उत्पन्न १० किलोने जास्त आहे आणि गुणांक ०.२ आला; तर आपल्या वाणाच्या खात्यात २ किलो जमा करायचे.

काहींना ही आकड्यांची कसरत वाटते. मला तसे वाटत नाही. दुरुस्ती न करणे म्हणजे शेजाऱ्याचा परिणाम शून्य मानणे. तोही अंदाजच, आणि बहुधा चुकीचा. मात्र एका शेतातला गुणांक डोळे मिटून दुसऱ्या शेताला लावू नये.

शाळेच्या बागेत दोन वाणांची तुलना कराल, तेव्हा प्रत्येक ओळीच्या डाव्या-उजव्या बाजूला काय होते, तेही वहीत लिहा.