दातांच्या तरतुदीला हात लावू नका

शासनाला आमचे हे शेवटचे निवेदन. यापुढे निवेदन येणार नाही.

अर्थसंकल्प जवळ आला की काटकसरीची भाषा सुरू होते. कात्री कुठून फिरते, ते आम्हाला पाठ आहे. आधी आरोग्य. आरोग्यात आधी दात. दातदुखीने कोणी मरत नाही, असा त्यामागचा समज.

हा समज खोटा आहे. दाढेचा पू मानेत उतरतो. श्वास कोंडतो. माणूस मरतो.

आम्ही कोण, ते सांगून ठेवतो. ऊसतोड कामगार. नाक्यावरचे बांधकाम मजूर. धुणीभांडी करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बाया. निराधार योजनेच्या पैशावर दिवस काढणारे म्हातारे. आमच्यात आशा सेविका आहेत. सरकारी दवाखान्यांत कंत्राटावर राबणारे दंतवैद्यही आहेत. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड असलेली ही माणसे आहेत. खासगी दवाखान्यातले रूट कॅनाल आम्हाला परवडत नाही. सरकारी दवाखान्यातली दातांची खुर्ची गेली की आमच्यासाठी दातांचा डॉक्टर संपला.

आम्ही धीर धरला.

२०१४-१५ साली केंद्राने राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. दातांचे उपचार सरकारी रुग्णालयांत मिळतील, असे सांगितले गेले. आम्ही थांबलो.

२०१७ साली राष्ट्रीय आरोग्य धोरण आले. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पातला ८ टक्क्यांहून अधिक पैसा आरोग्यावर खर्च करावा, असे त्यात लिहिले आहे. महाराष्ट्राने ते गाठले नाही. तरी आम्ही थांबलो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगला होता. आम्ही त्याचे मनापासून स्वागत केले. पण शासकीय दंत महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तो निर्णय त्यांच्यासाठी नव्हता. आणि दातांचे अवघड काम तर तिथेच होते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. गडचिरोलीच्या माणसाने रोज बुडवायचा, नागपूर गाठायचे, केसपेपर काढायचा आणि पुढची तारीख घेऊन परतायचे.

हे सारे आम्ही लिहून दिले. तालुक्याला दिले, जिल्ह्याला दिले, मंत्रालयात दिले. पोचपावत्या आमच्या फायलीत आहेत. उत्तरे नाहीत.

एका ग्रामीण रुग्णालयातली खुर्ची पाहा. गावाचे नाव आम्ही घेत नाही. तिथला दंतवैद्य आमचा आहे आणि त्याचे कंत्राट दरवर्षी नव्याने होते.

खुर्ची आली तेव्हा नवीकोरी होती. मग कंप्रेसर बंद पडला. कंप्रेसर नाही म्हणून एअरोटर फिरत नाही. एअरोटर फिरत नाही म्हणून कीड कोरता येत नाही. दाढ भरायचे सिमेंट संपले, ते पुन्हा आले नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव वर गेला, तो वरच राहिला. हाताशी उरले भुलीचे इंजेक्शन आणि दात काढायची पक्कड.

म्हणून वाचवता आला असता तो दात उपटला जातो. रोज. दंतवैद्याला ते कळते. पर्याय त्याच्या हातात नाही.

चाळिशीही न गाठलेली बाई पुढचे चार दात गमावून घरी जाते. कवळी तिला परवडत नाही. ती भाकरी कालवणात कुस्करून खाते. बोलताना तोंडावर पदर धरते. नव्या घरी काम मागायला गेली की आधी तिच्या तोंडाकडे बघितले जाते.

शाळांतही हेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ चा. पथक येते, मुलाचे तोंड तपासते, किडलेली दाढ कागदावर नोंदवते. पुढे पाठवायचे कुठे? ज्या खुर्चीकडे पाठवायचे, तिचा कंप्रेसर बंद आहे.

आता हिशेबाचे बोलू. शासनाला हिशेब समजतो.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करतात. त्यातले बहुतेक तो ओढत नाहीत, तोंडात धरतात. खर्रा, मावा, गुटखा, मिश्री. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर तो आजही मिळतो. उसाच्या फडावर भूक मारायला तंबाखू लागतो. मिश्री लावून दात घासणाऱ्या बाया तर घरोघरी आहेत.

या तोंडांतला कॅन्सरची चाहूल देणारा पांढरा चट्टा आधी दंतवैद्याला दिसतो. वेळेत दिसला तर उपचार थोडक्यात आटोपतो. उशीर झाला तर जबडा काढावा लागतो. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण ५ लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला त्यात पैसा आहे. दाढ भरायला नाही. चट्टा वेळेत पाहायलाही नाही. ती योजना भरती झालेल्या रुग्णाची आहे.

म्हणजे दंतवैद्याच्या पगारात वाचवलेला पैसा शासन पुढे कॅन्सरच्या बिलात भरते. मधल्या काळात आमचा माणूस जातो. हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

पैसा नाही, हे उत्तर देऊ नये. पश्चिम बंग खेत मजूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. वैद्यकीय सेवा देणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे. निधीच्या टंचाईचे कारण पुढे करून ते टाळता येत नाही. त्या खटल्यातला माणूसही मजूरच होता. रेल्वेतून पडला आणि एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्याकडे फिरवला गेला.

आमचे म्हणणे थोडके आहे.

मौखिक आरोग्याच्या तरतुदीतून एक रुपया कमी होता कामा नये. मंजूर निधी मार्चअखेरीस परत जाता कामा नये. बंद खुर्च्या चालू करा. दंतवैद्यांची रिक्त पदे भरा, कंत्राटे रखडवू नका. १५ ऑगस्ट २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय शासकीय दंत महाविद्यालयांना लागू करा. आणि दातांवर राज्य किती खर्च करते, तो आकडा सभागृहात वाचून दाखवा. तो ऐकल्यावर काटकसरीची भाषा कोणी करणार नाही, याची आम्हाला खात्री आहे.

उत्तर अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी हवे. लेखी हवे. तोंडी आश्वासन आम्ही घेणार नाही. शिष्टमंडळाला चहा पाजून परत पाठवण्याचे दिवस संपले.

उत्तर आले नाही, तर काय होईल?

ग्रामसभा ठराव करतील. मसुदा गावोगाव पोचला आहे. प्रत्येक बंद खुर्चीची माहिती माहितीच्या अधिकारात मागितली जाईल. जिल्ह्याजिल्ह्यांत जनसुनावणी होईल. ज्यांचे दात गेले, जबडे गेले, ते तिथे नावानिशी बोलतील आणि अधिकाऱ्यांना समोर बसून ऐकावे लागेल. त्या नोंदी जनहित याचिकेला जोडल्या जातील. वकील ठरले आहेत.

आमचे दंतवैद्य काम बंद करणार नाहीत. रुग्ण अडवून मागण्या मान्य करून घेणे आम्हाला मंजूर नाही. जी खुर्ची चालू आहे, ती चालूच राहील.

बाकीचे मुंबईला येतील. फड उठला की ऊसतोड कामगार गावाकडे वळतात. यंदा ते गावाकडे वळणार नाहीत. नाक्यावरचे मजूर नाक्यावर दिसणार नाहीत. घरकामाच्या बाया कामाला जाणार नाहीत.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी आम्ही आझाद मैदानात असू. परवानगीचा अर्ज दिला आहे. अर्जात आंदोलन संपण्याच्या तारखेचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे. तो शासनाच्या लेखी उत्तरानंतर भरू.