पगारातून सायकल घ्या, पण तिची ‘उचल’ होऊ देऊ नका

समजा, पदवी हातात पडली आणि लातूरच्या एमआयडीसीत किंवा नांदेडच्या एखाद्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर तुम्हाला पहिली नोकरी लागली. पगार पंधरा हजार. पहिल्याच महिन्यात सगळे एकच विचारणार, ‘‘गाडी कधी?’’ गाडी म्हणजे अर्थात बाइक. मग दोन-तीन वर्षांचा ईएमआय आला, वर पेट्रोल. खोली कामापासून चार किलोमीटरवर असली तरी!

ब्रिटनमध्ये १९९९ पासून यावर एक सोय आहे, ‘सायकल टू वर्क’. कंपनी सायकल घेऊन कर्मचाऱ्याला वापरायला देते आणि दरमहा पगारातून पैसे वळते करते. ही कपात कर लागण्याआधी होते, म्हणून सायकल स्वस्त पडते. ऐकायला झकास. पण कपातीनंतरचा पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये, अशी तिथे अट आहे. म्हणजे कमी पगारवाला, ज्याला खरी गरज, तोच बऱ्याचदा बाहेर.

ती योजना जशीच्या तशी इकडे आणली तर? फुसका बार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ मध्ये पगारदाराला वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही. पंधरा हजारवाल्याचा कर वाचवणार काय, कपाळ?

कर बाजूला ठेवा. हातात एकरकमी पैसे नसताना सायकल मिळते, ही खरी कामाची गोष्ट. आणि ती आपल्याकडे होती. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना बिनव्याजी ‘सायकल अग्रिम’ मिळायचा, पगारातून हप्त्याने फिटायचा. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ मध्ये तो बंद झाला. खासगी मालकाला तो द्यायला कुणी अडवलेलं नाही. साडेसात हजारांची सायकल धरा; दहा हप्ते, दरमहा साडेसातशे. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय.

आता खरी मेख. मालकाकडून आगाऊ पैसे घेण्याला आपण ‘उचल’ म्हणतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हा शब्द कसा उच्चारला जातो, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको. उचल फिटेपर्यंत माणूस मुकादमाला बांधलेला. सायकलचं तसं होऊ नये म्हणून सही करण्याआधी कागद नीट वाचा. बिल पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर हवं. हप्ता किती आणि किती महिने, ते लिहिलेलं हवं. नोकरी सोडली तर उरलेले पैसे शेवटच्या पगारातून कापावेत, पण त्यासाठी मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायची नाही. आणि कायद्यानं पगारातली एकूण कपात निम्म्याच्या वर जाता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

सायकल मिळाली तरी मे महिन्यात दुपारच्या शिफ्टला ती कोण चालवणार, हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा शेड असलेला स्टँड आणि उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरू होणारी शिफ्ट, हेही मागा. रात्री सुटणाऱ्या मुलींसाठी गेटबाहेरच्या रस्त्यावर दिवे आहेत का, तेही विचारा.

मालक म्हणेल, एवढा पैसा कुठून आणू? त्याला हिशेब मांडून दाखवा. पाच जणांना सायकली दिल्या तर साडेसदतीस हजार गुंततात, दरमहा पावणेचार हजार परत येतात. दोन महिन्यांच्या हप्त्यांत सहावी सायकल निघते.