उन्हांत वाळवलेलें पान

तंबाखू हा विषय या मासिकाच्या पानांवर यावा, हें कित्येक वाचकांस, विशेषतः वाचकभगिनींस, रुचणार नाहीं याची मला कल्पना आहे. ज्या घरांत हें मासिक माजघरापर्यंत जातें, त्या घरांत आजोबांची तपकिरीची डबी सोडल्यास या वनस्पतीला प्रवेश नसतो. आणि असूंहि नये. तिच्यापासून कर्करोग, हृद्रोग व फुप्फुसांचे विकार होतात हें आज निर्विवाद सिद्ध झालेलें आहे. उत्तरकालीन पंडितांनीं ‘तमाखु’ शब्दावर श्लेष करून गणपतीच्या उंदरालाहि त्यांत ओढलें, ही गंमत शास्त्रीमंडळींना ठाऊक असेलच. तो श्लेष मला आवडतो. तंबाखू आवडत नाहीं. आजचा विषय ती पिकविणाऱ्या कुटुंबांचा आहे, एवढें आरंभींच सांगून ठेवतों.

ग्रीस देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत, बल्गेरियाच्या सीमेला लागून, रोडोपी पर्वताची रांग आहे. तिच्या पायथ्याशीं क्सांथी हें शहर आणि नैर्ऋत्येस समुद्रकांठीं कावाला हें बंदर. या भागांतील डोंगरउतारांवर ‘बास्मा’ नांवाची तंबाखू होते. शब्द तुर्की आहे, ‘दाबणें’ या अर्थाच्या धातूपासून झालेला. पानें एकावर एक दाबून गठ्ठे बांधतात त्यावरून हें नांव पडलें. पांचशें वर्षांहून अधिक काळ हा मुलूख उस्मानी तुर्कांच्या ताब्यांत होता, त्याची ही खूण. अमेरिकेंतून निघालेली ही वनस्पति सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तुर्कांकडे पोहोंचली. चौथ्या मुराद सुलतानानें १६३३ सालीं धूम्रपानाला देहान्त शासन ठरविलें, तरी तिचें पाऊल मागें हटलें नाहीं. पुढें तर त्याच साम्राज्याला कर्जाच्या ओझ्याखालीं १८८३ सालीं तंबाखूचा मक्ता ‘रेझी’ नांवाच्या परकीय भांडवलाच्या कंपनीला द्यावा लागला. इजिप्तचा प्रसिद्ध राज्यकर्ता महंमद अली हा कावाल्याचाच, जन्म १७६९. तरुणपणीं तोहि तंबाखूच्या व्यापारांत होता.

तंबाखू वाळविण्याच्या रीति अनेक आहेत. व्हर्जिनिया जातीचीं हातभर लांब पानें बंद कोठींत भट्टीच्या उष्णतेनें वाळवतात. निपाणीकडील विडीची तंबाखू आपल्या पाहण्यांतली. ती उन्हांतच वाळते, पण ती जाड पानाची आणि जहाल. बास्माचें पान तळहातावर मावेल एवढेंच. जमीन खडकाळ व उथळ, पाणी पावसाचें पडेल तेवढें, आणि झाडें मुद्दाम दाटीनें लावलेलीं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अन्न थोडें. या उपासमारीमुळेंच पान लहान राहतें, आणि त्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म केसांतून राळेसारखा चिकट द्रव पाझरतो. वास त्या राळेंत. एकाद्या उत्साही शेतकऱ्यानें भरपूर खत घातलें, पाटाचें पाणी दिलें, तर पान डौलदार वाढतें, वजन चांगलें भरतें आणि वास जातो. शेत सुधारलें कीं माल बिघडतो, असें हें विचित्र पीक आहे.

त्याचें बीं इतकें बारीक कीं एका ग्रॅमांत दहा हजारांहून अधिक दाणे भरतात. म्हणून तें राखेंत किंवा वाळूंत मिसळून वाफ्यांवर पसरतात. हें मार्चच्या सुमारास. एप्रिल-मेमध्यें रोपें उपटून, टोकदार खुंटीनें भोंक पाडून, वांकून वांकून शेतांत लावावयाचीं. खरें काम मात्र त्यापुढचें, जूनच्या अखेरीपासूनचें.

झाडाचीं सगळीं पानें एकदम तोडीत नाहींत. खालचीं आधीं पिकतात, मग त्यांवरचीं, असें करीत शेंड्यापर्यंत. एका खेपेस दोनचार पानें, अशा अनेक खेपा, उन्हाळा संपेपर्यंत. तुर्कींत या थरांना निरनिराळीं नांवें आहेत: तळाचीं पानें ‘दिप’, मधलीं ‘आना’, शेंड्याचीं ‘उच’. ‘आना’ म्हणजे आई. शेंड्याचीं पानें सर्वांत लहान, आणि मोल त्यांनाच अधिक. तोडणी पहांटेच्याहि आधीं, तीनचारच्या सुमारास, दिव्याच्या उजेडांत सुरू होते. रात्रीच्या गारव्यानें पान ताठ असतें. खोडापाशीं बोटानें दाबतांच कटकन् मोडतें. ऊन वर आलें कीं तें लुळें पडतें आणि राळ बोटांना धरून बसते. ती वाळून काळी होते, चवीला कडू लागते, आणि नुसत्या साबणानें जात नाहीं. भाकरीचा घांस कडू लागतो तो तिच्यामुळें. त्याहून वाईट म्हणजे दंवानें भिजलेल्या पानांतील निकोटिन कातडींतून अंगांत भिनतें. मग मळमळ, चक्कर, ओकारी. वैद्यकांत याला ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ असें स्वतंत्र नांव आहे. आयुष्यांत एकहि सिगारेट न ओढलेल्या बाईला तो होऊं शकतो.

ऊन तापूं लागलें कीं टोपल्या घरीं येतात आणि मांडवाच्या सावलींत ओवणें सुरू होतें. ज्यांच्या घरीं दसऱ्याचें तोरण अजून घरींच ओवतात त्यांना हें काम समजावून सांगावयास नको. मात्र आपलें तोरण वर्षांतून एकदां, आणि तेथें दररोज हजारों पानें. लांब चपटी सुई प्रत्येक पानाच्या मधल्या शिरेंतून, बुडख्यापासून थोड्या अंतरावर, नेमकी गेली पाहिजे. जागा चुकली तर पान फाटून माळेंतून गळतें. आजी, सुना, नाती, शेजारणी साऱ्या ओळीनें बसतात. भरलेल्या माळेला ग्रीक भाषेंत ‘आर्माथिया’ म्हणतात.

या माळा लगेच उन्हांत टाकीत नाहींत. प्रथम एकदोन दिवस सावलींत ठेवतात, कारण पान एकाएकीं मरूं द्यावयाचें नसतें. तें धुगधुगी धरून असतांनाच त्यांतील हिरवें द्रव्य नाहींसें होतें, पिष्टाची साखर होते आणि रंग पिवळा येतो. मग माळा लांकडी चौकटींवर ताणून उन्हांत मांडतात. दोनतीन आठवड्यांत पान तांबूस सोनेरी होतें. वाळवणाची धास्ती आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. कुरडयांवर वळिवाचा शिंतोडा पडला तर घरांत केवढी धांवपळ उडते! तेथें आभाळ भरून आलें कीं तान्ह्या मुलाला पाळण्यांत टाकून सारें घर चौकटींकडे धांवतें. भिजलेलें पान काळें पडतें, बुरसतें, आणि वर्षाची कमाई एका सरींत जाते.

आतां या कमाईचा हिशेब पाहा. प्रत्येक पान रोप म्हणून, तोडतांना, ओवतांना, वाळल्यावर निवडतांना आणि गठ्ठ्यांत रचतांना माणसाच्या हाताखालून जातें. एवढ्या हातांना मजुरी द्यावयाची म्हटली तर हें पीक परवडत नाहीं. आईची, बायकोची, मुलांची मजुरी शून्य धरली तरच शेतकऱ्याच्या वहींत कांहीं उरतें. ग्रीक शाळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत बंद असतात, आणि तोडणीचा हंगामहि तोच. जन्म मास्तरकींत गेल्यामुळें ही गोष्ट माझ्या मनांत अधिक रुतली. पिढ्यान् पिढ्या तेथील पोरांनीं सुट्टी म्हणून जी अनुभवली ती ही. एकत्र कुटुंबाची थोरवी आपण नेहमीं सांगतों, मीहि सांगत आलों. अशा घरांत काम वाटलें जातें हें खरें; पण कोणाच्या वाट्याला किती आलें हें लिहून ठेवण्याची चाल नसते, आणि पैसा आला कीं तो एकाच्याच कनवटीला लागतो. हें ग्रीसपुरतेंच खरें आहे काय, तें वाचकांनीं आपापल्या घरांत पाहावें.

हें पीक तेथें फोफावलें तें विशेषेंकरून १९२३ नंतर. त्याआधीं १९१२ ते १९२० या आठ वर्षांत क्सांथीवर तुर्की, बल्गेरियन व ग्रीक अशीं तीन निशाणें लागलीं. मग ग्रीक-तुर्की युद्धांत ग्रीसचा पराभव झाला आणि १९२३ सालीं लोझान येथें लोकसंख्येची अदलाबदल ठरली. सुमारें बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्यें आले, चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानांत गेले. कोणाला कोठें जावयाचें तें धर्मावरून ठरलें, भाषेवरून नव्हे. ग्रीकचा एक शब्द न येणारे ‘ग्रीक’ त्यांत होते. फाळणी पाहिलेल्या आपल्या देशाला त्याची कल्पना करणें कठीण नाहीं. या निर्वासितांत काळ्या समुद्राकांठच्या साम्सून आणि बाफ्रा येथील तंबाखू पिकविणारीं कुटुंबें होतीं. त्यांना मिळाले ते जमिनीचे लहानसे तुकडे. एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगवील असें पीक तंबाखूखेरीज कोणतें होतें? पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांना अदलाबदलींतून वगळलें होतें. त्यांतील डोंगरांत राहणारे, स्लाव बोली बोलणारे पोमाक लोक आपल्या दगडी बांधांच्या शेतांत पूर्वींप्रमाणेंच बास्मा लावीत राहिले. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत ग्रीसच्या निर्यातींत तंबाखू अग्रस्थानीं होती.

ही सारी पानें परदेशांत जात कशाला? अमेरिकेंत १९१३ सालीं ‘कॅमल’ सिगारेट निघाली, तिच्यांत देशी तंबाखूबरोबर हें पौर्वात्य पान थोडें मिसळलेलें असे. आमटीला हिंग, तसें. हिंगाचें दुर्दैव असें कीं त्यावांचून आमटी बेचव होते, पण हिंगावर कोणी पोट भरीत नाहीं. घेणारा चिमूटभरच घेतो. पिकविणारीं कुटुंबें हजारों, घेणारे व्यापारी मूठभर, आणि गठ्ठे पावसाळी हिवाळ्यांत घरांत पडून. अशा वेळीं भाव कोण ठरविणार हें उघड आहे.

कावाल्याच्या प्रचंड वखारींत पानांची प्रतवारी करणाऱ्या कामगारांची स्थितिहि बरी नव्हती. १९२९ च्या जागतिक मंदीनें भाव कोसळले, वखारी बंद पडूं लागल्या. १९३६ च्या मे महिन्यांत थेसालोनिकी येथें तंबाखू-कामगारांनीं संप केला. ९ मे रोजीं पोलिसांनीं गोळीबार केला व बारा माणसें मेलीं. रस्त्यावर पडलेल्या मुलाच्या प्रेतापाशीं आक्रोश करणाऱ्या एका आईचें छायाचित्र वर्तमानपत्रांत आलें. तें पाहून यानिस रित्सोस या तरुण कवीनें ‘एपिताफिओस’ हें विलापकाव्य लिहिलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मेताक्सास यांची हुकूमशाही आली आणि त्या काव्याच्या प्रती जाळण्यांत आल्या. पुढें मिकिस थेओदोराकिस यांनीं त्याला संगीत दिलें आणि तें ग्रीसच्या घराघरांत पोहोंचलें.

त्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. युरोपीय संघाचें अनुदान होतें तोंवर पीक टिकलें. २००४ सालीं सुधारणा ठरली, २००६ पासून ग्रीसमध्यें अनुदानाचा पिकाशीं संबंध तुटला, आणि ज्यांना दुसरें कांहीं पेरतां येत होतें अशा सपाटीवरील अनेकांनीं तंबाखू सोडून दिली. डोंगरावरील गांवांत दुसरें कांहीं नीट होत नाहीं, म्हणून तेथें बास्मा राहिली. तेथील तरुण जर्मनीच्या वाटेला लागतात; शेतांत म्हातारीं माणसें आणि बायका. ही कला लोपत चालली म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. माझें मत विचाराल तर पोरांना पहांटे झोपूं द्यावें. सुवास गेला तर जावो.

कावाल्यांत आतां तंबाखूचें संग्रहालय आहे. जुनीं अवजारें तेथें मांडून ठेवलेलीं आहेत. गांवांतून ओवण्याचें काम बहुतेक ठिकाणीं शिवणयंत्रासारख्या यंत्रावर होतें, आणि पावसाच्या भीतीनें माळा प्लॅस्टिकच्या पारदर्शक छपराखालीं वाळवतात. उतारावरील या इवल्याशा पानांची तोडणी मात्र अजून हातांनींच, उजाडण्यापूर्वींच होते.