काम आज, पैसे नव्वद दिवसांनी

मी सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. चेन्नईच्या या टोकाला मराठी ऐकू येते ती घरात आणि मालिकांत. त्या मालिकांच्या अ‍ॅपची वर्गणी मी आगाऊ भरतो. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी पडदा बंद, सवलतीचा एक दिवसही मिळत नाही. माझ्याकडून पैसे आधी घ्यायचे, आणि ज्याचा चेहरा पाहण्यासाठी मी ते भरतो त्या नटाला मात्र नव्वद दिवस ताटकळत ठेवायचं, हा मराठी मालिकांचा व्यवहार आहे. मी त्याला लूट म्हणतो. यापेक्षा सौम्य शब्द वापरायची माझी तयारी नाही.

रीत अशी आहे. नटाशी दिवसाचा दर ठरतो. ‘पर डे’ इतके, महिन्याला इतके दिवस. पाळी बारा तासांची. काम संपलं की बिल द्यायचं आणि तीन महिने वाट पाहायची. नवा मुलगा किंवा मुलगी नगरहून, सांगलीहून मुंबईत येते, घोडबंदर रोडवरच्या किंवा मढच्या सेटवर कामाला लागते, भाड्याच्या खोलीची अनामत भरते, दोन वेळचं जेवण आणि रिक्षा स्वतःच्या खिशातून काढते. पहिला चेक हाती येईपर्यंत चौथा महिना उजाडलेला असतो. तोवर घराघरांत तिचं नाव झालेलं असतं आणि तिचं घरभाडं थकलेलं असतं.

बरं, नव्वद दिवसांनी तरी पैसे येतात का? ‘हे मन बावरे’ ही कलर्स मराठीवरची चालणारी मालिका होती. ती संपल्यावर फेब्रुवारी 2021 मध्ये मृणाल दुसानिस, शर्मिष्ठा राऊत आणि त्यांच्या सहकलाकारांना थकलेल्या मानधनासाठी समाजमाध्यमांवर जाहीरपणे लिहावं लागलं. निर्माते मंदार देवस्थळी यांनी आपण आर्थिक अडचणीत असल्याचं मान्य केलं आणि मुदत मागितली. निर्मात्याला तोटा होऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण त्या तोट्याचा भार नटाने का उचलायचा? तो भागीदार नव्हता. नफा झाला असता तर त्यातला वाटा त्याला कुणी देणार नव्हतं. आणि ही नायिकेची, नामवंतांची गोष्ट आहे. ज्याच्या वाट्याला महिन्यातून चार दिवस येतात, जो मागे उभा राहून ‘हो मालक’ म्हणतो, त्याने कुठे लिहायचं आणि ते वाचणार कोण?

या सगळ्याचं मूळ करारात आहे. कागदावर नट हा नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक. म्हणून त्याला भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्याच्या बिलातून व्यावसायिक शुल्क म्हणून 10 टक्के कर आधीच कापला जातो. उत्पन्न 20 लाखांच्या वर गेलं तर 18 टक्के जीएसटी त्याने भरायचा. बिल आज फाडलं की तो कर पुढच्या महिन्यात सरकारला द्यायचा, निर्मात्याचे पैसे मात्र त्यानंतर दोन महिन्यांनी येणार. न मिळालेल्या पैशांवरचा कर स्वतःच्या खिशातून भरणारा हा असा ‘व्यावसायिक’!

सेटवर हाच व्यावसायिक वेठबिगार होतो. कॉलटाइम निर्माता ठरवतो. पॅकअप कधी होईल हे तयार एपिसोडची बँक किती उरली आहे त्यावर ठरतं. दुसरीकडे काम करायचं तर परवानगी. नाटकाचा प्रयोग लावायचा तर आधी विचारायचं. केस कापायचे तरी विचारायचं, कारण कंटिन्युइटी. मालक आणि नोकर यांचं नातं याहून वेगळं काय असतं? तो स्वतंत्र असेल तर त्याला दुसरं काम करू द्या. तो तुमच्या हुकमातला असेल तर त्याला नोकराचे हक्क द्या. हुकूम चालवताना मालक आणि पैसे देताना निव्वळ ग्राहक, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

काढून टाकण्याचंही तसंच. जानेवारी 2022 मध्ये स्टार प्रवाहच्या ‘मुलगी झाली हो’मधून अभिनेते किरण माने यांना काढलं. राजकीय लिखाणामुळे काढलं असं ते म्हणाले, सहकलाकार स्त्रियांशी गैरवर्तन केल्यामुळे काढलं असं निर्मिती संस्थेचं म्हणणं होतं. महाराष्ट्र आठवडाभर दोन तटांत भांडला. आरोप खरा असेल तर त्या स्त्रियांना रीतसर चौकशी मिळायला हवी होती आणि खोटा असेल तर माने यांना. आरोपाचा निकाल वाहिन्यांवरच्या चर्चेत आणि फेसबुकवर लागता कामा नये. पण दिवसावर नेमलेल्या माणसाला काढायला कारण लागतच नाही, पुढच्या तारखा दिल्या नाहीत की संपलं. कथानकात अपघात घडवला की संपलं.

मी जिथे बसून हे लिहितो तिथली गोष्ट सांगतो. 2014 च्या अखेरीस टीसीएसमधल्या नोकरकपातीवरून चेन्नईत संगणक-कर्मचारी एकत्र आले. काढून टाकलेल्या एका गर्भवती कर्मचारी स्त्रीने मद्रास उच्च न्यायालय गाठलं, जानेवारी 2015 मध्ये न्यायालयाने तिच्या बडतर्फीला स्थगिती दिली आणि कंपनीने ती बडतर्फी मागे घेतली. पुढच्याच वर्षी तमिळनाडू सरकारने स्पष्ट केलं, की औद्योगिक विवाद कायदा आयटीलाही लागू आहे आणि आम्हाला संघटना बांधता येते. आम्हालाही ‘तुम्ही कामगार नाही, प्रोफेशनल आहात’ हेच ऐकवलं जात होतं. ती बाई जिंकली, कारण तिच्या हातात नेमणुकीचं पत्र होतं.

मालिकेतल्या नटाच्या हातात काय असतं, ते करोनाने दाखवलं. मार्च 2020 मध्ये चित्रीकरण थांबलं आणि दिवसावर पोट असलेल्यांचं उत्पन्न त्या दिवशी शून्यावर आलं. वाहिन्या मात्र जुने भाग दाखवत राहिल्या. पुढे चित्रीकरणाला परवानगी मिळाली ती 65 वर्षांवरच्या कलाकारांना वगळून. मुंबई उच्च न्यायालयाने 7 ऑगस्ट 2020 रोजी ती अट रद्द केली, आणि ते योग्यच झालं, कारण घरी बसवलेल्या म्हाताऱ्या नटाला कुणी निवृत्तिवेतन देत नव्हतं. ‘मत्स्यगंधा’ नाटकापासून मराठी रंगभूमीने ज्यांना डोक्यावर घेतलं त्या आशालता वाबगावकर 22 सप्टेंबरला साताऱ्यात निधन पावल्या. ‘आई माझी काळुबाई’च्या चित्रीकरणादरम्यान त्यांना करोनाची लागण झाली होती. वय 79. त्यांनी आनंदाने काम केलं असेल, त्यांची काळजीही घेतली गेली असेल. पण आयुष्यभर काम केलेल्या नटांनी साथीच्या दिवसांत घरी राहायचं ठरवलं तर त्यांची चूल पेटेल, अशी कोणती तजवीज या उद्योगाने केली होती? मला या प्रश्नाचा राग येतो आणि तो ओसरत नाही.

‘धंदा असाच चालतो’ म्हणणाऱ्यांनी कोलकात्याकडे पाहावं. ऑगस्ट 2018 मध्ये थकलेल्या पैशांवरून आणि कामाच्या तासांवरून बंगाली मालिकांच्या कलाकारांनी चित्रीकरण बंद पाडलं. पाच-सहा दिवस घरोघर जुने भाग दिसले, तेव्हा मुख्यमंत्र्यांनाच मध्ये पडावं लागलं. महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पैसे द्यायचे, असं ठरलं. बंगाली निर्माता काही मराठी निर्मात्याहून श्रीमंत नव्हता, तिथले नट एकत्र उभे राहिले एवढाच फरक. अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांचा करारही एकतर्फीच. नट तीन-चार वर्षं बांधलेला, निर्माता मात्र दर 13 आठवड्यांनी त्याला सोडू शकतो. तरी तिथे आठवड्याला ठरावीक भागांच्या पैशांची हमी असते, संघटनेने ठरवलेला किमान दर असतो आणि निवृत्तिवेतनासाठी मालकाची वर्गणीही असते. आपण त्यांच्याकडून रडके प्रसंग घेतले, हमी तेवढी घेतली नाही.

कायदा नाही असंही कुणी सांगू नये. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम 38अ कलाकाराला त्याच्या कामाच्या व्यावसायिक वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क देतं. मी इथे रात्री पाच वर्षं जुनी मालिका लावतो, त्यावर जाहिराती येतात, वर्गणी जमा होते. त्यातला किती पैसा त्या मालिकेतल्या नटीपर्यंत जातो, ते वाहिन्यांनी जाहीर करावं. 1981 चा सिने-कामगार कायदा लेखी, नोंदणीकृत करार मागत होता, पण तो कथापटांपुरता, आणि मूळ वेतनमर्यादा महिना 1,600 रुपये. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये दृक्‌श्राव्य कामगार म्हणून मालिकेतल्या नटाचं नाव अखेर स्पष्ट लिहिलं गेलं आणि त्याच्याशी लेखी करार सक्तीचा झाला. मात्र केंद्र सरकार ठरवेल त्या उत्पन्नमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा पुन्हा 1,600 रुपयांसारखी हास्यास्पद ठेवली, तर सेटवरचा एकही माणूस तिच्यात बसणार नाही.

आणि वाहिनीला यातून सुटू देऊ नका. नट निवडीला मंजुरी वाहिनी देते, कथानक ती वळवते, प्रेक्षकसंख्येचे आकडे घसरले की वेळ ती बदलते, मालिकेची मालकीही बहुतेक वेळा तिचीच. पैशांची वेळ आली की मात्र ‘तो निर्मात्याचा आणि कलाकाराचा खासगी मामला’. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व या देशात बांधकामाच्या मजुरालाही लागू आहे. तेच इथे लावा. निर्मात्याने 15 तारखेला पैसे दिले नाहीत, तर वाहिनीने त्याच्या पुढच्या बिलातून कापून ते थेट नटाच्या खात्यात जमा करावेत, उशिराचं व्याज धरून. एपिसोड वेळेवर आला नाही तर निर्मात्याला दंड करणाऱ्या वाहिन्यांना हे एक कलम करारात घालायला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागणार नाही.