देणगी कामाला, उपेक्षा कामगाराची

जून २०२४ च्या अखेरीस मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने शंभराहून अधिक शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा दिल्या. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत असत आणि त्या अनुदानाची पुढची मंजुरी आलेली नव्हती. कित्येकांची सेवा दहा वर्षांहून अधिक झालेली. पण कागदोपत्री सारे कंत्राटीच. चहूकडून ओरड झाली, ट्रस्टने पैसे देण्याचे मान्य केले आणि दोनच दिवसांत नोटिसा मागे घेण्यात आल्या. वृत्तपत्रांच्या दृष्टीने विषय तेथे संपला. आमच्या दृष्टीने तो तेथून सुरू होतो. एवढ्या नामांकित संस्थेत हे घडू शकते, तर तालुक्याच्या गावी बालवाडी किंवा दवाखाना चालवणाऱ्या लहान संस्थेतील कार्यकर्त्याची नोकरी कशाच्या आधारावर उभी आहे?

उद्योगपती घराण्यांच्या धर्मादाय ट्रस्टांनी या देशात मोठी कामे केली, हे नाकारण्याचे कारण नाही. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ सालचा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. वर उल्लेखिलेली संस्था १९३६ साली दोराबजी ट्रस्टच्याच पैशातून निघाली. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. रेल्वे व टपाल खात्यातील किती कुटुंबांनी त्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढल्या असतील, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मात्र या रुग्णालयाचा पुढचा इतिहासही ध्यानात घ्यावा. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. दात्याने पाया घातला. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा कायमचा भार सरकारी खजिन्याने उचलला. लहान संस्थांच्या नशिबी हा दुसरा टप्पा येत नाही.

अशा संस्थांना अनुदान कसे मिळते, हे समजून घेतले पाहिजे. ट्रस्टचे विश्वस्त कोणत्या विषयांना पैसे द्यायचे ते ठरवतात. यंदा शिक्षण, पुढे पाणी, नंतर आणखी काही. संस्थेने त्या चौकटीत बसणारा प्रस्ताव पाठवायचा. तोही बहुधा इंग्रजीत. मग नोंदणीचे दाखले, आयकर सवलतीची प्रमाणपत्रे आणि मागील वर्षांचे तपासलेले हिशेब मागवले जातात. ट्रस्टचा अधिकारी गावी येऊन काम पाहून जातो. त्यानंतर विश्वस्तांच्या बैठकीत होय किंवा नाही. होकार आला तर एक ते तीन वर्षांचा करार, हप्त्याने रक्कम आणि प्रत्येक हप्त्यामागे खर्चाचा दाखला. नकार आला तर त्याचे कारण कळेलच असे नाही.

हिशेब मागण्याला आमचा आक्षेप नाही. जनतेच्या नावावर आलेला पैसा कार्यालयाच्या थाटमाटावर आणि मोटारींवर उडवणाऱ्या संस्था आम्हीही पाहिल्या आहेत. आमचा आक्षेप हिशेबाच्या रकान्यांना आहे. वह्या, औषधे, शिलाई यंत्रे यांवरचा पैसा हा ‘कामाचा खर्च’. पण हिशेबनिसाचा, देखरेख करणाऱ्या ताईचा पगार पुष्कळदा ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून कापला जातो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, तेव्हा या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली गेली. खासगी दात्यांची नजरही याच वळणाची असते. शिलाई यंत्र आपोआप शिकवत नाही, हे दात्यांना कोणी सांगायचे?

ग्रामीण डाकसेवकांचा लढा ज्यांनी पाहिला, त्यांना हे नवे वाटणार नाही. काम खात्याचे, जबाबदारी खात्याची. पण नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र नाही. सेवाभावाच्या गोड शब्दाखाली हीच रीत समाजकार्यात चालते. त्यात भर कायद्याची. १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती वाढवली आणि अनेक धर्मादाय संस्थांचे कर्मचारी औद्योगिक कायद्याच्या छत्राखाली आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय व समाजसेवी संस्था ‘उद्योगा’च्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे अनुदान संपले की नोकरी संपणार आणि दाद मागण्याची वाटही अरुंद होणार.

‘पैसा त्यांचा, मर्जी त्यांची’ असे कोणी म्हणेल. पैसा कुठून येतो, तेही पाहू. टाटा सन्समधील सुमारे ६६ टक्के समभाग टाटा ट्रस्टांकडे आहेत. त्यावरच्या लाभांशातून दान होते. तो लाभांश भट्टीपुढे, यंत्रापुढे आणि संगणकापुढे राबणाऱ्या कामगारांच्या श्रमातून निघतो. शिवाय धर्मादाय ट्रस्टला आयकरात सवलत मिळते. त्यासाठी उत्पन्नाचा साधारणपणे ८५ टक्के भाग धर्मादाय कामाला लावावा लागतो. सरकार जो कर सोडते तो जनतेचा असतो. तेव्हा या पैशाविषयी बोलण्याचा हक्क जनतेला आहे.

रेल्वेत कर्मचारी हितनिधीच्या समितीवर कामगारांचे प्रतिनिधी बसतात. शिष्यवृत्ती कोणाला, आजारपणाची मदत कोणाला, यावर तेथे वाद होतात, कधी चुकाही होतात. पण ज्यांच्यासाठी निधी आहे त्यांचा आवाज त्या खोलीत असतो. घराण्यांच्या ट्रस्टांनी एवढे तरी शिकायला हरकत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक अनुदानात कार्यकर्त्यांचे रास्त वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी हा कामाचाच खर्च धरावा. अनुदान थांबवायचे असल्यास किमान एक वर्ष आधी कळवावे. कोणाला किती दिले, कोणाला का नाकारले, हे जाहीर करावे. अर्ज लोकांच्या भाषेत स्वीकारावेत. आणि समाजकार्यातील कर्मचाऱ्यांचा संघटित होण्याचा हक्क निर्विवाद मानावा.

आमचे अनेक वाचक निवृत्तीनंतर वाचनालये, वसतिगृहे, मराठी मंडळे यांच्या कार्यकारिणीवर काम करतात; महाराष्ट्राबाहेरच्या रेल्वेगावांतही. त्यांच्याकडून आमची अपेक्षा अधिक आहे. उद्या तुमच्या मंडळाने एखाद्या ट्रस्टकडे अर्ज केला, तर ग्रंथपालाचा आणि शिपायाचा पगार त्यात पहिल्या ओळीत लिहा. ती ओळ कापली गेली तर कारण विचारा. आयुष्यभर वेतनासाठी झगडलेल्या माणसाने संस्थेचा चालक झाल्यावर दुसऱ्याचे वेतन शेवटच्या ओळीत ढकलू नये.