उबवणी कुणाच्या मालकीची?

मागच्या महिन्यात आपल्या बैठकीत मी कोंबडीवरची कविता वाचली. वाचून झाली तसा एक मित्र म्हणाला, "अरे, गोदीत माल उचलणारा माणूस तू, आणि लिहितोस काय तर कोंबड्या? हा साला रिकामटेकड्यांचा छंद. आपला काय संबंध?" पोरं हसली. मीही हसलो. पण रात्रपाळीत गोणीला आकडा मारताना ते डोक्यातनं जाईना. म्हणून हे लिहितोय. कवितेत मावलं नाही ते.

दोस्तांनो, संबंध आहे. तो मनूनंच जोडून ठेवलाय. ब्राह्मण जेवत असताना कुणी त्याच्याकडं बघायचं नाही, याची यादी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा, विटाळशी बाई, षंढ. आपण आणि कोंबडा एकाच ओळीत. पाचव्या अध्यायात गावठी कोंबडा जाणूनबुजून खाल्ला तर द्विज पतित होतो. दहाव्यात चांडाळानं गावाबाहेर राहायचं आणि त्याची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवं. म्हणजे कोंबडी पाळणं हासुद्धा त्या हिशेबात आपला आगाऊपणाच! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जळलं, पण गावं कुठं जळली? आमच्या गावात आजही काही घरांना आमच्या हातचं पाणी चालत नाही, अंडं चालतं. अंड्याला टरफल असतं ना. जातीनं टरफलापुरती सवलत दिली आहे.

आमचं घर सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आजोळ तिकडं साताऱ्यात, कराड तालुक्यात. दोन्हीकडं आमच्या नावावर गुंठाभर रान नाही. सगळीकडं ऊस, आणि ऊस दुसऱ्याचा. आजीच्या मालकीचं एकच होतं, आणि आहे. घरामागच्या खुराड्यातल्या आठ-दहा कोंबड्या. आजी सांगते, तिच्या सासूच्या काळात तेही आपलं नव्हतं. गावात साहेब मुक्कामाला आला की पाटलाचा माणूस महारवाड्यात यायचा आणि दिसेल तो कोंबडा उचलून न्यायचा. पैसे मागायची सोय नव्हती. १९५८ च्या कायद्यानं महारकीचं वतन गेलं. आजीच्या भाषेत सांगायचं तर, "तवापास्नं कोंबडा आपला झाला."

त्याआधी दोन वर्षं, १९५६ च्या धर्मांतरानंतर, आमच्या घरातनं मरीआई गेली आणि म्हसोबाही गेला. देवाला कापायचा कोंबडा घरात उरू लागला. आजीनं तो बाजारात नेला. पुढं माझ्या दहावीच्या परीक्षेचा फॉर्म दोन कोंबड्यांवर भरला गेला. मी मॅट्रिक झालो त्यात मास्तरांचा वाटा असेल, त्या दोन कोंबड्यांचाही आहे. छंद म्हणणाऱ्यानं हे आधी ऐकावं.

आता मुद्द्याचं. कोंबडी पाळणं वेगळं आणि पिल्लं काढणं वेगळं. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक बसते. अंगातनं ताप निघतो, पोटाची पिसं गळतात, जवळ गेलं की फुगून चोच मारते. अंडी घालणं बंद. कंपनीवाल्याच्या दृष्टीनं ही कोंबडी नालायक, फुकट खाणारी. म्हणून शास्त्रज्ञांनी निवडून निवडून खुडूकपणाच काढून टाकला. लेगहॉर्न बसत नाही. सरकार वाटतं ती गिरिराज, वनराज बसत नाही. अंडी जास्त देतात, कबूल. तीनशे अंडी देणारा पांढरा पक्षी मीही बघितलाय. पण त्या पक्ष्याच्या मालकिणीला पुढच्या खेपेची पिल्लं कुठनं आणायची? पुन्हा उबवणी केंद्रातनं. पुन्हा पैसे, पुन्हा अर्ज. पंचवीस तलंगा आणि तीन नर, अर्धं अनुदान, असली योजना आपल्या बायकांनी भरून बघितलीय. तलंगा वाढल्या, अंडी झाली, दोन वर्षांत म्हाताऱ्या झाल्या, खुराडं रिकामं. योजना संपली.

आजीच्या खुराड्याला योजना नाही. तिथं खुडूक कोंबडी आहे.

कडकनाथाचं प्रकरण याच मुद्द्याचं आहे, फक्त मोठ्या आकड्यात. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. भिल्ल, भिलाला आदिवासींनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला. पिसं काळी, कातडी काळी, मांससुद्धा काळं. २०१८ साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. लगेच वाळवा तालुक्यात, इस्लामपुरात, एक कंपनी उभी राहिली. पिल्लं आमच्याकडनं घ्या, खाद्य आमचंच घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावानं उचलू. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि त्याही पलीकडच्या शेतकऱ्यांनी पैसे ओतले. २०१९ साली उचल थांबली आणि लोक रस्त्यावर आले. सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यावर सांगली जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कडकनाथ कोंबड्या फेकल्या. सगळ्या महाराष्ट्रानं ते टीव्हीवर बघितलं आणि हसला.

आमच्या वाड्यात त्या धंद्याचा एजंट एकदाच आला. शेडला जागा आहे का विचारलं, नाही म्हणल्यावर चहासुद्धा न घेता गेला. फसवणूक व्हायलासुद्धा सातबारा लागतो, हे त्या दिवशी कळलं!

पण विचार करा. ज्यांनी कर्ज काढून शेड बांधली, त्यांच्याकडं शेकडो कोंबड्या होत्या, खाद्य आणायला पैसा नव्हता. कडकनाथही अंड्यावर नीट बसत नाही. म्हणजे उबवणी कंपनीच्या हातात, खाद्य कंपनीच्या हातात, गिऱ्हाईकही कंपनीच. शेतकऱ्याचं काय? शेड आणि कर्ज. गिरणीतला कामगार यंत्राचा मालक नव्हता, हे आपण सभेत घसा फोडून सांगतो. इथं यंत्र म्हणजे अंड्यावर बसणारी कोंबडी, आणि तीच नेमकी काढून घेतली होती. आदिवासीनं जपलेला पक्षी, नाव त्याचं, पैसा भलत्याचाच.

त्याच २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. आमच्या वाड्यातली खुराडी पहिल्या रात्री गेली. आजीनं डालग्यात घालून तीन कोंबड्या शाळेच्या गच्चीवर नेल्या, बाकीच्या गेल्या. तेव्हाच्या सरकारी निकषात पक्ष्यामागं ५० रुपये भरपाई होती, घरामागं जास्तीत जास्त ५००० रुपये. पंचनाम्याला माणूस आला. वाहून गेलेली कोंबडी दाखवा म्हणाला. आजी म्हणाली, "दाखवतो की. चल कर्नाटकात." एक पैसा आला नाही.

पूर ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं उरलेल्या काळ्या कोंबड्या मिळेल त्याला देऊन टाकल्या. आजीनं दोन माद्या आणि एक नर पदराखाली घालून आणला. फुकट.

२०२० च्या मार्चात मी गोदीत नवा होतो. जनता कर्फ्यूच्या आदल्या रात्री मिळेल त्या ट्रकनं गाव गाठलं. तेव्हा कोंबडी खाल्ली की कोरोना होतो अशी अफवा होती. बॉयलरचा भाव मातीत गेला होता. २४ मार्चला आजीची तांबडी गावठी कोंबडी खुडूक होती. अमावस्या होती. आमच्याकडं अमावस्येला अंडी बसवत नाहीत. आजी म्हणाली, "आपण गावाची अमावस्या कवा पाळली रं?" आणि पाटीत भुसकट घालून तेरा अंडी मांडली. सात गावठी, सहा कडकनाथाची. कडेला मात्र लोखंडी खिळा ठेवला. विजेनं अंडी खराब होऊ नयेत म्हणून. मी म्हणलं, "आज्जे, देव सोडलेस आणि खिळा नाही सुटला?" ती म्हणाली, "खिळा काय दक्षिणा मागतोय का?"

त्याच रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांचा लॉकडाऊन सांगितला. कोंबडीचाही हिशेब एकवीसच दिवसांचा.

त्या एकवीस दिवसांत मी जे शिकलो ते शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. कोंबडी दिवसातनं एकदाच उठते, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि अंडी गार व्हायच्या आत परत येते. दिवसभर चोचीनं अंडी फिरवत राहते, मधली कडेला, कडेची मधी, म्हणजे सगळ्यांना सारखी ऊब. सातव्या दिवशी रात्री मोबाइलची बॅटरी अंड्यामागं धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, मधी हलणारा ठिपका. दोन अंडी कोरी निघाली, काढली. विसाव्या दिवशी आतनं चिवचिव ऐकू यायला लागली आणि कोंबडी बाहेरनं बारीक आवाजात बोलायला लागली. अंड्यातनं निघायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर त्याचे पहिले दोन दिवस निघतात. खोक्यात भरून पिल्लं लांबच्या गावाला पाठवतात ती याच जोरावर.

१४ एप्रिल २०२० ला मिरवणूक नाही, डीजे नाही, चौकात पोलीस. घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि मागं खुराड्यात दहा पिल्लं निघाली. अकरावं अंडं टोचलेलं, पण आतलं पिल्लू मेलं. दहांत पाच काळी होती. तांबडी आई त्यांना पंखाखाली घेताना रंग बघत नव्हती. कवी म्हणून मला तिथं मोठं काहीतरी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. घार दोन घेऊन गेली, मुंगसानं एक. उरलेल्या सातांना मानमोडीची लस मीच डोळ्यात थेंब-थेंब घातली. बाटली बर्फातनं आणायची आणि पाण्यात कालवली की लवकर संपवायची, एवढंच त्यातलं अवघड. नाहीतर मानमोडी एका आठवड्यात सगळं खुराडं झोपवते. आपल्या बायका इथंच मार खातात, आणि आपल्या एकाही शिबिरात हे कुणी शिकवत नाही. शंभर पक्ष्यांची बाटली येते, घरात दहाच असतात, म्हणून कुणी आणत नाही. दहा घरांनी मिळून आणली तर? मी वाड्यात हे बोललो तेव्हा बायकांनी दहा मिनिटांत वर्गणी काढली. आपल्या बैठकांत ठराव व्हायला तीन तास लागतात.

आता तो मित्र म्हणेल, मग काय, गावाकडं परत जाऊन कोंबड्या राखायच्या? नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं खरं रूप सगळ्यांसमोर मांडलं, त्यातला शब्दन् शब्द मला मान्य आहे. खुराड्यातनं जातिअंत होणार नाही. एका कोंबडीच्या वर्षाच्या अंड्यांचे पैसे माझ्या चार दिवसांच्या मजुरीएवढेसुद्धा होणार नाहीत कदाचित. कोंबडं कुणाच्या रानात शिरलं म्हणून आमच्या बायकांना शिव्या खाव्या लागतात. एकदा तर कुणीतरी विष घातलेलं धान्य टाकून आमच्या चार कोंबड्या मारल्या. हे गोडगोड चित्र नाही.

पण आपण शहरात आलो, आया-आज्या तिथंच राहिल्या. कराडकडची माझी मावशी अजून अर्धलीनं कोंबड्या सांभाळते. कोंबडी दुसऱ्याची, राखण तिची, पिल्लं निम्मी-निम्मी. पहिल्या वर्षी तिनं वाट्याला आलेल्या पिल्लांतल्या दोन माद्या विकल्या नाहीत, ठेवल्या. दुसऱ्या वर्षी त्या तिच्या स्वतःच्या दारात खुडूक बसल्या. मालकिणीला तिनं कोंबडी परत नेऊन दिली. हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

परवा आजीचा फोन होता. काळ्या वाणाची एक तलंग पहिल्यांदाच खुडूक बसायला लागलीय, काळी कधी बसत नाही म्हणतात तरी. गावठीचं रक्त मिसळलंय. आजीनं शेजारणीकडनं अकरा अंडी जमवलीत, पण तलंगीचा भरवसा नाही, मधीच उठेल म्हणते. मी मुकादमाकडं चार दिवसांची सुट्टी मागितलीय. कारण विचारलं तर सांगितलं, घरात बाळंतपण आहे.