फिकट बाळाला केवळ टॉनिक पुरेसे नाही

दोन-तीन महिन्यांचे बाळ फिकट दिसू लागले, की घरातच निदान होते: रक्त कमी आहे, टॉनिक सुरू करा. या वयात प्रत्येक बाळाचे हिमोग्लोबिन काही काळ निसर्गतःच उतरते, हे खरे. पण बाळ फिकट असून सुस्तही असेल, तर थायरॉइडची तपासणी झालीच पाहिजे.

गळ्यातील ही ग्रंथी काही बाळांत जन्मतःच नसते किंवा अपुरे काम करते. तिचा स्राव कमी पडला, की शरीराचे सर्व व्यवहार मंदावतात. पेशींना प्राणवायू कमी लागतो आणि हाडांच्या मगजात तांबड्या पेशींची निर्मिती घटते. हा अॅनिमिया मुळात लोहाच्या कमतरतेचा नसतो. म्हणूनच नुसत्या लोहाने तो हटत नाही.

अशा बाळाची कावीळ रेंगाळते, शौचास घट्ट होते, बेंबी बाहेर येते, आवाज घोगरा असतो. ते फारसे रडत नाही, दुधासाठीही उठवावे लागते. घरची मंडळी मात्र त्याला गुणी म्हणतात आणि चेहऱ्याच्या सुजेला बाळसे समजतात.

उपचारांनी रक्त पुन्हा भरून येते. पहिल्या महिन्यांत खुंटलेली मेंदूची वाढ मात्र भरून येत नाही. औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर बहुतेक बाळे इतरांसारखीच वाढतात. जन्मतः बहुतेकांत लक्षणे दिसत नाहीत, म्हणून लक्षणांची वाट पाहणे चूक आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासता येते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ही पद्धत १९७४ साली सुरू झाली, गोव्यात सरकारी पातळीवर २००८ साली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत सुमारे अकराशे बाळांमागे एकाला हा विकार आढळला. प्रत्येक प्रसूतिगृहाने, सरकारी असो वा खासगी, ही तपासणी लसीकरणाइतकीच आवश्यक मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

थायरॉक्सिनची गोळी रोज ठरल्या वेळी, बारीक करून आईच्या थोड्या दुधातून चमच्याने द्यावी. लोहाचे वा कॅल्शियमचे औषधही चालू असेल, तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे; नाहीतर गोळी अंगी लागत नाही. बाळ सुधारले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

पालकांनो, घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: बाळाची थायरॉइड तपासणी झाली का?